फोनवरून प्रिंट निघते, लिनक्सवरून नाही: ड्रायव्हर शोधण्याआधी हे तपासा

शाळेच्या ऑफिसात नवा वायफाय लेझर प्रिंटर आलाय. क्लार्कच्या फोनवरून प्रिंट निघते, मुख्याध्यापकांच्या विंडोज पीसीवरून निघते, पण तुमच्या लिनक्स मिंटच्या लॅपटॉपला तो प्रिंटर दिसतच नाही. म्हणून तुम्ही कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घेतलात, आयपी ॲड्रेस हाताने भरलात, आणि आता प्रिंट दिली की ‘फिल्टर फेल्ड’ येऊन काम अडकतं. तुम्ही विचारलंय: नेमका कोणता ड्रायव्हर टाकू?

सध्या कोणताच नको. टाकलेला आहे तोही आधी काढा.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. लॅपटॉपला प्रिंटर न सापडणं हा नेटवर्कचा प्रश्न. पाठवलेलं काम प्रिंटरच्या भाषेत न उतरणं हा ड्रायव्हरचा. पहिल्यावर दुसऱ्याचं औषध चालत नाही. प्रिंटर दिसत नाही म्हणून ड्रायव्हर टाकला, की पहिला प्रश्न तिथेच राहतो आणि दुसरा नव्याने ओढवतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लिनक्स-प्रिंटर तक्रारींचा इतिहास असाच असतो.

प्रिंटरचं मॉडेल आणि शाळेत राउटर किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे काही ठिकाणी मला ‘असं असेल तर’ म्हणावं लागेल. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे फोनवरून प्रिंट निघते, ही. फोनमध्ये कुणी प्रत्येक मॉडेलचा ड्रायव्हर टाकत बसत नाही. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, अँड्रॉइडकडे मोप्रियाची पद्धत आली, आणि २०१३ मध्ये ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे खुलं मानक ठरलं. या तिन्हींच्या मुळाशी एकच बोलणं आहे: इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, पोर्ट ६३१. प्रिंटर स्वतःच सांगतो की मला कोणते कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापता येतं का, फाइल कोणत्या स्वरूपात हवी. लिनक्सची छपाई सांभाळणारं कप्स हेच बोलतं. फोनला जमतं ते तुमच्या लॅपटॉपलाही, वेगळा ड्रायव्हर न घेता, जमायला हवं.

फक्त एक खातरी करा. फोन शाळेच्या वायफायवरूनच छापतोय ना? काही प्रिंटर स्वतःचं छोटं वायफाय सोडतात, त्याचं नाव ‘डायरेक्ट’ने सुरू होतं, आणि फोन गुपचूप त्याला जोडलेला असतो. काही कंपन्यांची ॲप काम इंटरनेटवरून फिरवून आणतात. मोबाइल डेटा बंद करा, फोन शाळेच्या वायफायवर ठेवा, आणि कंपनीच्या ॲपऐवजी फोनच्या साध्या प्रिंट पर्यायातून एक पान काढून बघा. निघालं, तर हा पुरावा पक्का. विंडोजचा पुरावा मी तितकासा धरत नाही. तिथे इन्स्टॉल करणाऱ्याने युएसबीची वायर लावली असेल किंवा थेट पोर्ट ९१०० वापरला असेल, सांगता येत नाही.

आता लॅपटॉपकडे या. प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्कच्या मेनूत आयपी ॲड्रेस दिसेल. पॅनेल नसेल तर एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की माहितीचं पान छापून येतं. कोणतं बटण ते मॉडेलवर अवलंबून. मग लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये ‘हॉस्टनेम’ला डॅश मोठा आय देऊन लॅपटॉपचा ॲड्रेस बघा आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहा. शाळेत, दवाखान्यात, छोट्या ऑफिसात निम्मं कोडं इथेच सुटतं. लॅपटॉप १९२.१६८.०.१४ आणि प्रिंटर १९२.१६८.१.५० असं निघालं, तर ती बहुधा दोन वेगळी नेटवर्क आहेत.

हे होतं कसं? इंटरनेटवाल्याने एक डबा बसवलेला असतो, तोच वायफाय देतो. रेंज पुरत नाही म्हणून कुणीतरी बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची केबल दुसऱ्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात खुपसतो. इंटरनेट चालतं, सगळे खूश. पण दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क उभं करतो. प्रिंटर पहिल्यावर, लॅपटॉप दुसऱ्यावर. या मांडणीत लॅपटॉपवरून प्रिंटरला पिंग (समोरचं उपकरण उत्तर देतंय का हे तपासणारी कमांड) मिळते, ब्राउझरमध्ये त्याचं पानही उघडतं, पण यादीत तो दिसत नाही. आयपी हाताने भरल्यावर तुमचं काम प्रिंटरच्या दिशेने गेलं असेल, तर तुमच्याकडे हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

कारण शोधण्याची पद्धत वेगळी आहे. लॅपटॉप २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३ वर, एक हाळी देतो: आयपीपी बोलणारं इथे कुणी आहे का? ज्याला ऐकू येतं तो प्रिंटर नाव-गाव सांगतो. ही हाळी राउटर ओलांडत नाही. तशीच तिची रचना आहे. पिंग मात्र ओलांडते. म्हणून ‘पिंग लागते पण दिसत नाही’ यात विरोधाभास काही नाही.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो चालू करा. नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप ॲड्रेस वाटणं, बंद करा, त्याला पहिल्याच्या रांगेतला पण दुसऱ्या कुणाला न मिळणारा ॲड्रेस द्या, आणि केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये लावा. हे करताना शाळेचं इंटरनेट थोडा वेळ जाईल, तेव्हा ऑनलाइन हजेरी किंवा निकाल भरण्याची वेळ टाळा.

दोघांचे ॲड्रेस एकाच नेटवर्कचे असूनही पिंग लागत नसेल, तर राउटरच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ शोधा. गेस्ट वायफायवर ते सहसा चालूच असतं; इंटरनेट मिळतं पण शेजारचं उपकरण गाठता येत नाही. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तेही एकदा बंद करून बघा.

पिंग लागते, नेटवर्क एकच आहे, तरी दिसत नाही? मग ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाका. त्याचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडेल. नेटवर्क किंवा प्रोटोकॉल अशा विभागात आयपीपी, एअरप्रिंट, बॉनजूर किंवा एमडीएनएस (शेवटची दोन म्हणजे वरची हाळीची पद्धत) या नावांपुढे टिक आहे का बघा. जुन्या ऑफिसातून आलेल्या मशीनवर कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ ते बंद केलेलं आढळतं.

तिकडे सगळं ठीक असेल तर दोष लॅपटॉपकडे. हाळी देणारा प्रोग्राम म्हणजे अवाही. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’पुढे ‘अवाही-डीमन’ लिहून तो चालू आहे का बघा. मग ‘आयपीपीफाइंड’ ही कमांड नुसतीच द्या. प्रिंटर ऐकू आला तर ती त्याचा पूर्ण पत्ता छापते. शेवटी बहुधा पोर्ट ६३१ आणि ‘आयपीपी स्लॅश प्रिंट’ असतं. काहीच आलं नाही तर फायरवॉल. मिंटमध्ये फायरवॉल मुळात बंद असते, पण मेनूत तिची खिडकी असल्याने कुणीतरी हौसेने चालू केलेली असू शकते. दोन मिनिटं बंद करून आयपीपीफाइंड पुन्हा द्या. आता दिसला, तर फायरवॉल कायमची बंद ठेवू नका. ५३५३ यूडीपीला आत येण्याची परवानगी द्या आणि ती परत चालू करा.

एक फसवी अवस्था आहे: प्रिंटर यादीत दिसतो, जोडताही येतो, पण काम गेलं की ‘अनेबल टू लोकेट प्रिंटर’ येतं. हाळीला उत्तर आलं, पण उत्तरात मिळालेलं ‘डॉट लोकल’ने संपणारं नाव लॅपटॉपला आयपीत बदलता येत नाही. ‘लिब-एनएसएस-एमडीएनएस’ हे पॅकेज आहे का पाहा, आणि ईटीसी फोल्डरमधल्या एनएसस्विच फाइलच्या होस्ट्स ओळीत ‘एमडीएनएस४ मिनिमल’ हे डीएनएसच्या आधी आहे का पाहा.

जुने सल्ले वाचून तुम्ही ‘कप्स-ब्राउज्ड’ (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून जोडणारा कप्सचा जोड-प्रोग्राम) बंद केलं असेल तर घाबरू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेली या संशोधकाने त्यातल्या त्रुटी जाहीर केल्या होत्या. तो प्रोग्राम यूडीपी ६३१ वर कुणाचंही ऐकत बसायचा. अपडेटमधून त्यावर उपाय आला. आजच्या कप्सला नेटवर्कवरचे ड्रायव्हरलेस प्रिंटर अवाहीमार्फत स्वतःच दिसतात. प्रिंटरांची यादी देणाऱ्या ‘एलपीस्टॅट’ कमांडला डॅश ई दिलं की कायम जोडलेले आणि नुसते दिसणारे, असे दोन्ही प्रकार एकत्र येतात. डॅश ए दिलं तर कधी कधी यादी रिकामी येते आणि माणूस उगाच हवालदिल होतो.

आता ‘फिल्टर फेल्ड’. कप्स तुमची पीडीएफ एकामागून एक छोट्या प्रोग्रामांतून नेतं आणि प्रिंटरला समजेल अशा रूपात आणतं. त्या साखळीतला एखादा प्रोग्राम मेला की हा संदेश येतो. म्हणजे संदेश खरा आहे, पण कोण मेलं ते सांगत नाही. ‘कप्ससीटीएल’ला डबल डॅश डीबग-लॉगिंग द्या, एकच पान छापायला पाठवा, आणि व्हार-लॉग-कप्स फोल्डरमधली एरर-लॉग फाइल उघडा. शेवटची ओळ वाचू नका. वर सरकत जाऊन जिथे पहिल्यांदा एखादा प्रोग्राम ‘स्टॉप्ड’ किंवा ‘क्रॅश्ड’ लिहिलंय ती ओळ शोधा. काम झालं की डबल डॅश नो-डीबग-लॉगिंग देऊन हे बंद करा, नाहीतर फाइल फुगत राहते.

कंपन्यांच्या पॅकेजमध्ये मला वारंवार दिसलेलं कारण म्हणजे ३२-बिटचा प्रोग्राम. लॉगमध्ये ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं, तुम्ही फोल्डर उघडता, फाइल तर समोर असते! नसते ती फाइल चालवायला लागणारी ३२-बिट लायब्ररी. ‘फाइल’ या कमांडपुढे त्या प्रोग्रामचा पत्ता दिला की तो ३२-बिट आहे का ते कळतं. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये ‘आय३८६’ आर्किटेक्चर जोडून त्या लायब्ररी घेता येतात. पण हे तुम्ही आत्ता करू नका. तुमचा प्रिंटर आयपीपी बोलत असेल तर ही साखळीच तुम्हाला नको आहे.

जुना प्रिंटर मिंटच्या प्रिंटर खिडकीतून डिलीट करा, कंपनीचं पॅकेजही काढा. मग ‘ॲड’ दाबा. एकच मशीन दोन-तीन नावांनी दिसू शकतं. ज्याच्यापुढे आयपीपी किंवा ‘ड्रायव्हरलेस’ आहे ते घ्या; ‘जेटडायरेक्ट’, ‘सॉकेट’ किंवा ‘एलपीडी’ घेतलंत तर कप्स लगेच ड्रायव्हर मागायला लागेल. बरेच जण नेमके इथेच चुकीच्या वाटेला लागतात.

खिडकीतून जमलं नाही तर कमांडने. ‘एलपीॲडमिन’ला डॅश पी पुढे तुमच्या आवडीचं नाव (जागा न सोडता), मग डॅश मोठा ई, मग डॅश व्ही पुढे आयपीपीफाइंडने दिलेला पत्ता, आणि शेवटी डॅश एम पुढे ‘एव्हरीव्हेअर’ हा शब्द. क्रम महत्त्वाचा आहे: मोठा ई नावानंतर आला तर ‘प्रिंटर सुरू कर आणि कामं स्वीकार’ असा अर्थ होतो, नावाआधी आला तर ‘जोडणी एन्क्रिप्ट कर’. ही गंमत कुणी केली देव जाणे, पण तिने पुष्कळांना रडवलंय. ही कमांड देताना प्रिंटर चालू हवा, कारण कप्स तिथल्या तिथे त्याची माहिती विचारून घेतं.

‘प्रिंटर ड्रायव्हर्स आर डेप्रिकेटेड’ अशी सूचना कधी दिसली तर ती तुमच्या चुकीबद्दल नाही. कप्स मायकल स्वीट यांनी सुरू केलं, ॲपलने २००७ मध्ये त्याचा सोर्स कोड विकत घेतला, आता लिनक्ससाठी ते ओपनप्रिंटिंगकडे आहे. आणि या सगळ्यांनी पीपीडी-ड्रायव्हरची, म्हणजे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी वर्णन-फाइल आणि ड्रायव्हर टाकण्याची, जुनी पद्धत हळूहळू बंद करायचं कधीच ठरवलंय.

प्रिंटर खरोखरच जुना निघाला, आयपीपीफाइंडला कधीच ऐकू आला नाही, तर मात्र मॉडेलवर सगळं ठरेल. एचपीसाठी मिंटच्या सॉफ्टवेअर-भांडारातलं एचपीलिप (एचपीचं ड्रायव्हर-पॅकेज) घ्या. काही लेझरजेटना ‘एचपी-प्लगिन’ही लागतं, आणि प्लगिनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळलीच पाहिजे. ब्रदरच्या काळ्या-पांढऱ्या लेझरसाठी कंपनीच्या पॅकेजआधी ‘बीआरलेझर’ बघा. एप्सनच्या इंकटँकसाठी ‘ईएससीपीआर’ पॅकेज. मोठं कॉपियर असेल तर ते पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या भाषा समजतं का विचारा. समजत असेल तर भांडारातला साधा ड्रायव्हर पुरतो. मात्र कॉपियरवर विभागाचा कोड लावलेला असेल तर कोडशिवाय आलेलं काम तो मुकाट्याने टाकून देतो आणि लिनक्सवर ‘पूर्ण झालं’ असंच दिसतं.

आणि कॅनन एलबीपी २९०० असेल, आपल्याकडे अनेक ऑफिसांत तो अजून आहे, तर तो मुळात फक्त युएसबीचा. कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो, आयपीपी नाही. तो कोणत्यातरी एका पीसीवर चालवून तिथून शेअर करणं हाच मार्ग. पण तुमचा वायफायवाला आहे म्हणता, तेव्हा हे सोडून देऊ.

पहिलं पान निघाल्यावर दोन-तीन गोष्टी त्याच दिवशी उरका. राउटरमध्ये प्रिंटरसाठी आयपी राखून ठेवा. नाहीतर वीज गेली-आली की ॲड्रेस बदलतो आणि सोमवारी सकाळी तुम्हाला फोन येतो.

मग कागद. इन्स्टॉल करताना भाषा अमेरिकन इंग्रजी घेतली असेल तर कागदाचा आकार ‘लेटर’ राहू शकतो. तुम्ही ए४ भरलेला, प्रिंटर लेटरची वाट बघतोय, दिवा लुकलुकतोय, आणि सगळे मिळून पेपर जाम शोधतायत. प्रिंटरच्या पर्यायांत ए४ करा आणि लिबरऑफिसच्या पानाच्या सेटिंगमध्येही बघा. लीगल कागद लागत असेल तर त्याच लॅपटॉपवर लीगलसाठी दुसऱ्या नावाने तोच प्रिंटर पुन्हा जोडून ठेवा. दर वेळी आकार बदलायला कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरं, रांग. प्रिंटर बंद असताना कुणी काम पाठवलं की कप्स कधी कधी ती रांगच थांबवून ठेवतं. मग प्रिंटर चालू करूनही काही येत नाही, माणसं पुन्हा पुन्हा प्रिंट देत राहतात, आणि तुम्ही ‘कप्सइनेबल’ कमांडने रांग पुन्हा सुरू केलीत की एकाच दाखल्याच्या ढीगभर प्रती बाहेर पडतात. प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘एरर पॉलिसी’ असते, ती ‘रिट्राय जॉब’वर ठेवा.

मशीन ऑल-इन-वन असेल तर स्कॅनर वेगळा बघावा लागतो. छपाई चालली म्हणजे स्कॅन चालेलच असं नाही. ‘सेन-एअरस्कॅन’ पॅकेज टाका आणि मिंटमधला डॉक्युमेंट स्कॅनर उघडा. आयपीपी बोलणारी बहुतेक मशीन तिथे ड्रायव्हरशिवाय दिसतात.

जाता जाता, शाळेचं आहे म्हणून. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर लिनक्सवर त्या अगम्य अक्षरांत उघडतील आणि तशाच छापल्या जातील. त्याला प्रिंटर जबाबदार नाही. विंडोजवरून त्यांची फॉन्टसकट पीडीएफ करून घ्या, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आधी दोन्ही आयपी ॲड्रेस ताडून बघा. मग आयपीपीफाइंड, आणि त्यातून पत्ता मिळाला तर एव्हरीव्हेअर. यातल्या कोणत्या पायरीवर अडलात ते सांगा, सोबत प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, आयपीपीफाइंडने जे छापलं ते, आणि एरर-लॉगमधली ती पहिली ‘स्टॉप्ड’वाली ओळ द्या. लॉग सगळीकडे चिकटवण्याआधी त्यातली माणसांची आणि फाइलींची नावं काढून टाका; विद्यार्थ्यांच्या दाखल्यांची नावं त्यात सरळ दिसतात.